बारा आणि सहा

गाडीतून नवा आवाज यायला लागला की आपल्याकडे पहिला उपचार रेडिओवर होतो. तो मोठा करतात. त्यानं भागलं नाही तर शेजारी बसलेल्याला विचारायचं, "तुला काही ऐकू आलं का?" तो "नाही" म्हणतो, कारण त्याला वेळेत पोचायचं असतं. मग गॅरेज. तिथे दारातून आत शिरताना गाडी अशी काही सुतासारखी सरळ वागते की आपणच खोटे पडतो.

आमच्या जुन्या स्विफ्टच्या डाव्या पुढच्या चाकातला आवाज इतका भित्रा नव्हता. गतिरोधकावरून उतरताना 'खट्ट'. पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग पुरतं वळवलं की पुन्हा 'खट्ट'. शिवाय मोकळ्या रस्त्यावर गाडी जराशी भरकटायची. हात सतत बारीकसारीक दुरुस्त्या करत राहायचे आणि घरी आल्यावर खांदे दुखायचे. आम्ही चिपळूणचे. एका अंगाला परशुराम घाट, दुसऱ्या अंगाला कुंभार्ली. मे महिन्यापर्यंत जांभ्याची लाल धूळ, आणि जूनपासून तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस त्याच धुळीचा चिखल करून गाडीच्या पोटाला लिंपतो. इथल्या गाड्यांचं इंजिन सहसा म्हातारं होत नाही, त्याआधी त्यांचे सांधे जातात.

मेकॅनिकनं गाडी उचलली, चाक दोन हातांत धरून हलवलं आणि उठता उठता निकाल दिला, "लोअर आर्मचा बॉल जॉइंट गेलाय. अख्खा आर्मच टाकू नवीन."

या वाक्यापुढे माझ्यासारखा टेबलाशी बसून पोट भरणारा माणूस दोनच गोष्टी करू शकतो. मान डोलावतो, किंवा मनात 'लुबाडतोय' म्हणतो आणि मग मान डोलावतो. विश्वासाला आणि संशयाला इथे सारखंच भांडवल लागतं, आणि ते म्हणजे शून्य. इतकी वर्षं मी या शून्यावर गाड्या चालवल्या. त्या दिवशी का कोण जाणे, ते खुपलं. आई मागच्या सीटवर डुलक्या घेत असते, मी घाट उतरत असतो, आणि ज्या चाकावर हे सगळं चाललंय त्याच्याबद्दल माझं स्वतःचं मत काहीच नाही. "बघतो, आणतो नंतर," म्हणून गाडी परत आणली. त्याला वाटलं असणार, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. गिऱ्हाईक आपल्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर गेलं, नानांकडे.

नाना एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते तोंड उघडत नाहीत, पण पाण्याचा पंप बसला की सेक्रेटरी आधी त्यांचं दार वाजवतात. मी आवाजाचं वर्णन सुरू केलं तसे ते चपला घालून बाहेरच आले. "आवाजाची नक्कल करू नको. जॅक काढ."

चाक हवेत उचललं. "आता घड्याळ समज. बाराला एक हात, सहाला एक हात. वरून आत ढकल, खालून बाहेर ओढ. मग उलटं." मी केलं. चाक हललं. फार नाही, पण जे हलायला नको ते हलतंय हे तळहाताला लगेच कळलं, आणि त्या हलण्याच्या शेवटी तोच 'खट्ट' होता, या वेळी कानाऐवजी मनगटात. "आता तीनला आणि नऊला धर." तिथे चाक गप्प. म्हणजे स्टिअरिंगकडचा टायरॉड एंड ठीक. "मिसेसना बोलाव, ब्रेकवर पाय ठेवायला सांग." हे मला कळलं नाही, पण बायको आली, नाइलाजानं ब्रेक दाबून बसली, आणि मी पुन्हा बारा-सहा केलं. अजून हलत होतं. नाना म्हणाले, "बेअरिंगमधला प्ले असता तर ब्रेक दाबल्यावर गेला असता. हा राहिला. म्हणजे खालचा सांधा." मग त्यांनी मला खाली वाकवून माझं बोट त्या सांध्यावर ठेवलं आणि स्वतः चाक हलवलं. बोटाखाली लोखंड लोखंडापासून सुटत होतं आणि परत बसत होतं. मेकॅनिक खरं बोलला होता. पण आता ते त्यानं सांगितलं म्हणून खरं नव्हतं.

बॉल जॉइंट ही वस्तू हातात धरली तर कुणालाही क्षुल्लक वाटेल. पोलादाची एक गुळगुळीत गोळी, तिला फुटलेला एक दांडा, गोळी बसायला प्लास्टिकची घट्ट वाटी, भरपूर ग्रीस आणि सगळ्यावर घट्ट चढवलेली रबराची टोपी, जिला गॅरेजमध्ये बूट म्हणतात. खुब्याच्या हाडाची रचना आठवते आणि ते साम्य खरंही आहे: दांडा हव्या त्या दिशेला झुकतो, स्वतःभोवती फिरतो, फक्त वाटीतून सुटत नाही. चाकाला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. खड्ड्याप्रमाणे वर-खाली व्हायचं आणि स्टिअरिंगप्रमाणे डावी-उजवीकडे वळायचं. दोन्हींना मोकळीक देणारा आणि तरी चाकाचा खालचा भाग एका जागी धरून ठेवणारा बिंदू हा एवढाच.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची रचना अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या डोक्यातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये तो एका स्वस्त छोट्या शेव्हरोलेवर काम करत होता. ती गाडी कंपनीनं १९४७ साली गुंडाळली. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० साली ब्रिटनमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्या त्याची रचना घेऊन बाहेर पडल्या. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मपैकी वरचा त्यानं काढूनच टाकला; स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर मिळून एकच उभा खांब केला, तो वर गाडीच्या अंगात आणि खाली चाक जिच्यावर बसतं त्या नकलमध्ये रोवला. जागा वाचली, वजन वाचलं, पैसा वाचला. त्या हिशेबात गाडीचं ओझं खांबावरून थेट चाकावर उतरतं आणि खालच्या बॉल जॉइंटवर ते येतच नाही. त्याच्या वाट्याला ओढाताण येते, वळणावरची आणि ब्रेक लागतानाची.

ओझं नाही म्हणून तो दुय्यम, असं मात्र नाही. झिजता झिजता गोळी एके दिवशी वाटीतून निसटली की चाकाचा खालचा भाग सुटतो, चाक आडवं पडतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. रस्त्याच्या कडेला एक चाक फेंगडं करून उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. 'अ‍ॅक्सल तुटला' म्हणून पुढे जातो. पुष्कळदा अ‍ॅक्सल शाबूत असतो.

नानांचा मात्र या सगळ्या नव्या मालावर राग. एसटीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला किंगपिन. बोटाएवढा नव्हे, चांगला मनगटाएवढा लोखंडी खुंटा, आणि त्याला निपल. "ग्रीसगन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारायची. चुकवलं की ड्रायव्हर सांगायचा, स्टिअरिंग जड झालं. तुझ्या या बॉल जॉइंटला निपल कुठाय?" निपल नाही. तो कारखान्यातच सील होतो, आयुष्यभर ग्रीस लागणार नाही म्हणून विकला जातो. आयुष्यभर म्हणजे त्याच्या स्वतःच्या, आपल्या नव्हे, एवढं ग्राहकानं समजून घ्यायचं.

आता प्रश्न असा की घरी कशाला करायचं? हा प्रश्न रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यानं मला विचारला. "काय, मेकॅनिक पळाला काय?" "यूट्यूब बघून चाललंय वाटतं!" "गाडी विकायचीय काय?" कोकणातला माणूस मदतीला येण्याआधी टोमणा मारून घेतो, त्यानं त्याचा हात मोकळा होतो. अमेरिकेत म्हणे लोक गॅरेजमधली मजुरी परवडत नाही म्हणून घरी गाड्या खोलतात. आपल्याकडे मजुरीच इतकी स्वस्त की घरी खोलण्याला आर्थिक कारण देताच येत नाही. मी जेवढी हत्यारं जमवली, त्यात मजुरी सहज भागली असती. आणि ज्याला कारण देता येत नाही असं काम सभ्य माणसानं बर्म्युडा घालून, चारचौघांत, जमिनीवर पाठ टेकून करायचं, याचं लोकांना जे वाटलं त्याला मी नुसतं कुतूहल म्हणणार नाही. ग्रीसनं माखलेले हात आमच्या वर्गाला दुसऱ्याचे असले तरच चालतात. वॉचमन तेवढा काही बोलला नाही. त्यानं दोन विटा आणून मागच्या चाकांना लावल्या.

विटांवरून सांगतो, कारण हे ललितात सांगत नसले तरी सांगायलाच हवं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, कधीच नाही. जॅकचं काम उचलण्याचं. धरून ठेवायला लोखंडी स्टँड लागतात, तेही सपाट, कडक जमिनीवर. दुसरं, ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवरच बसलेली असते तिथे बॉल जॉइंट सोडवणं म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग सोडवणं. ती माणूस मारू शकते, तिथे हौस नको. मॅकफर्सनच्या रचनेत स्प्रिंग आपल्या खांबातच कैद असते, म्हणून तर नानांनी मला हात लावू दिला.

नवा आर्म आदल्या दिवशीच आणला होता. दुकानात दुसरा पर्याय होता: नुसता बॉल जॉइंट, खूपच स्वस्त, जुन्या आर्ममधला ठोकून काढायचा आणि हा दाबून बसवायचा. प्रेस असलेल्या चांगल्या कारागिराकडे हे नीट होतंही. पण हातोड्यानं बसवलेला जॉइंट ढिला राहतो, आणि तो ढिला राहिला की कुणीतरी हुशार माणूस त्याला वेल्डिंगचे टाके मारतो. वेल्डिंगच्या उष्णतेत आतली प्लास्टिकची वाटी आणि ग्रीस या दोघांची काय गत होत असेल याचा विचार तो करत नाही, कारण गाडी त्याला चालवायची नसते. मी जुगाडाचा भक्त आहे. फाटक्या पाइपाला सायकलची ट्यूब बांधून मी पावसाळे काढलेत. पण जुगाडाला एक हद्द असावी, आणि माझ्या मते ती चाकाच्या अलीकडे संपते.

काम सुरू झालं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घेतलेले. चाक काढल्यावर मागची दुनिया दिसते: डिस्क, कॅलिपर, ड्राइव्ह शाफ्टची रबरी घडी, आणि तळाशी, सगळ्यांच्या खाली, चिखलाचा लेप चढलेला तो आर्म. वायरब्रशनं खरवडल्यावर बूट दिसला. एका अंगाला उभी चीर, आणि चिरेतून बाहेर आलेलं काहीतरी, ज्याला ग्रीस म्हणायला जीभ रेटेना. बूट दाबला तर चिरेतून लालसर पाण्याचा थेंब आला.

इथे एक बारीक युक्ती आहे ती मला फार आवडली. टायरॉडचा दांडा निमुळता असतो, तो आपल्या भोकात पाचरीसारखा रुतून बसतो. नट काढला तरी हटत नाही, नकलच्या कानावर बाजूनं हातोड्याचा नेमका घाव बसला की मगच सुटतो. पण स्विफ्टच्या खालच्या बॉल जॉइंटचा दांडा सरळ, आणि त्याच्या कमरेला एक खाच कोरलेली. नकलला एक चीर असते, तिच्यातून आडवा बोल्ट जातो, चीर आवळतो आणि जाता जाता त्या खाचेतूनही जातो. म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी दांडा खाली घसरू शकत नाही. बोल्ट पूर्ण बाहेर पडायला हवा. कुणीतरी कागदावर ही रेघ ओढताना एका विसरभोळ्या मेकॅनिकची आणि एका निष्काळजी मालकाची आधीच कल्पना करून ठेवली आहे. त्या माणसाचं नाव कुठेही नसतं.

बोल्ट अर्थातच गंजलेला. गंज सोडवणारा स्प्रे मारला, चहा प्यायलो, पुन्हा मारला. रिंग पान्यावर मी सगळा जोर लावत होतो तेव्हा नाना म्हणाले, "जोर लावू नको, वजन लाव." पान्याला पाइप जोडला, अंगाचा भार हळूहळू त्यावर टाकला. बराच वेळ काहीच नाही. मग लोखंडातून कर्र असा एक आवाज आला. तो मोडण्याचा आहे की सुटण्याचा, हे कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझा श्वास अडकला होता. बोल्ट सुटत होता. चिरेत जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून ती किंचित फाकवली, आर्मवर टॉमीची सळई टेकवून खाली दाबली आणि दांडा नकलमधून निसटला. नकल बाहेरच्या बाजूला झुकणार नाही याकडे नानांचं लक्ष, कारण ती जास्त झुकली की ड्राइव्ह शाफ्ट आतल्या टोकाला निखळू शकतो आणि मग एका सांध्याच्या नादात दुसरा हातात येतो. आतल्या अंगाचे दोन बोल्ट काढायला तासन्‌तास गेले असं लिहिलं तर शौर्य वाढेल, पण ते मुकाट्यानं निघाले.

जुना आर्म हातात आला. नव्याचा दांडा मी बोटांनी हलवून पाहिला होता. तो जड, चिकट, हवा तिकडे झुकवला तर झुकवू तिथेच थांबणारा. जुन्याचा दांडा स्वतःच्या वजनानं लटकला आणि खुळखुळला.

भंगारात देण्याआधी मी त्याचा सांधा हॅक्सॉनं उघडला. हे नानांना अजिबात पटलं नाही, ब्लेड फुकट गेलं म्हणाले. आत जे दिसलं ते मी बराच वेळ पाहत बसलो. प्लास्टिकची वाटी गोल राहिलीच नव्हती, एका कडेला झिजून लांबट झाली होती. त्या कडेला तिची जाडी नखाएवढी उरलेली. गोळीचा वरचा अर्धा भाग अजून आरशासारखा, त्यात पार्किंगची ट्यूबलाइट दिसत होती. खालचा अर्धा गंजानं खाल्लेला, देवीच्या व्रणांसारखा खड्ड्याखड्ड्यांचा. मधे ग्रीसच्या जागी तांबूस लगदा, बोटांवर चोळला तर रेती लागली. आपल्याच रस्त्यांची. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ही गाडी जरा चढावर उभी होती. बाजारपेठेतल्या गाड्यांसारखी बुडाली नाही, पण चाकं गाळात होती. मी म्हटलं, तेव्हाच शिरलं असेल. नानांनी मान हलवली. "पुराला कशाला बोल लावतोस? रबर फाटलं की साधी सरही पुरते. तू गेल्या पावसाळ्यानंतर गाडीखाली वाकून बघितलं होतंस?"

उत्तर त्यांना माहीत होतं.

नवा आर्म बसवताना एका जागी मात्र मी थांबलो, कारण ते वाचून ठेवलं होतं आणि खरं वाटत नव्हतं. आर्मच्या आतल्या टोकांना रबराचे बुश असतात. हे बुश फिरत नाहीत. मधली नळी बोल्टनं घट्ट धरलेली असते आणि आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर स्वतः पिळवटतं. चाक हवेत लटकत असताना हे बोल्ट पक्के आवळले, तर रबराला ती लटकलेली अवस्था हीच आपली विश्रांतीची जागा वाटते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायम पीळ पडलेल्या अवस्थेत राहतं, आणि लवकर फाटतं. म्हणून आधी नुसते बोल्ट अडकवून ठेवायचे, आर्मखाली जॅक लावून चाक गाडीच्या वजनाला जिथे असतं तिथपर्यंत वर घ्यायचं आणि मग शेवटचा आवळा. नाना म्हणाले, एवढं गॅरेजमध्ये कोण बघतो! मी म्हटलं, म्हणूनच. त्या दिवशी त्यांना ऐकवायला मिळालेलं माझं हे एकमेव वाक्य.

शेवटचा आवळा टॉर्क रेंचनं दिला. हे हत्यार मित्राकडून मागून आणलेलं. ठरवलेल्या जोराला 'टक्' करतं आणि सांगतं, पुरे. साठ न्यूटन-मीटरला लावलं तर त्याचा अर्थ, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण सहा किलोचं वजन टांगावं एवढा पीळ. नानांनी आधी आपल्या हातानं पाना फिरवून पाहिला, मग रेंच लावायला सांगितला. रेंच जेमतेम हलला आणि 'टक्' वाजला. नाना काही बोलले नाहीत. मिशीत जे झालं ते मी पाहिलं.

चाकाचे कोन जुळवणं घरी होत नाही, करू पण नये. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच मेकॅनिककडे नेली, त्याच्याच शेजारी अलाइनमेंटचं मशीन आहे. त्यानं खाली वाकून आर्म पाहिला, बूट दोन बोटांनी चेपला, बोल्टवरून अंगठा फिरवला. "कोणी केलं?" सांगितल्यावर म्हणाला, "वाटलं नव्हतं, साहेब," आणि त्यात राग, कौतुक आणि बुडालेली मजुरी यांचं मिश्रण योग्य प्रमाणात होतं. मग मात्र तो माझ्याशी वेगळं बोलायला लागला. आधी तो निकाल सांगायचा. आता कारणं सांगू लागला. शॉक अब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ दाखवला, "अजून वर्ष जाईल, पण लक्ष ठेवा." मीही वाद न घालता ओघळावर बोट लावून पाहिलं.

राहिला प्रश्न उजव्या बाजूचा. नियम असा सांगतात की एका बाजूचा गेला तर दोन्ही बदला. दोन्ही बाजूंनी रस्ता सारखाच खाल्लेला असतो, हे त्यामागचं शहाणपण. पण उजव्याचा बूट शाबूत होता आणि शाबूत वस्तू नियमासाठी भंगारात घालणं मला जड जातं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते चाक उचललं, बाराला आणि सहाला धरलं. काही नाही. पुन्हा धरलं. भिंतीसारखं घट्ट.

नाना पेपर वाचत होते. घडी घालून आले, चाक धरलं, जेमतेम हलवलं आणि सोडून दिलं.

"आहे."

"मला नाही लागत."

"मग राहू दे," चष्मा पुसत ते म्हणाले. "दिवाळीनंतर परत धर. तेव्हा तुलाही लागेल."